बंड्या आणि माझे 14 दिवस

24 एप्रिल 2021 ला माझा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. यांनी मोबाइलवर तो वाचला आणि पहिलं काय विचारलं, तर "आता बंड्याचं काय?" तीस वर्षांचा संसार, आणि पहिली काळजी बोक्याची! राग आला खरा, पण माझ्याही डोक्यात तेच होतं. बंड्या रोज रात्री माझ्या गळ्याशी झोपतो, नाक अगदी हनुवटीला टेकवून.

वर्षभरापूर्वी सगळे याच्या उलट, म्हणजे प्राण्यांपासून आपल्याला कोरोना होईल का, असं विचारत होते. मार्च 2020 मध्ये आमच्या बिल्डिंगमधल्या लॅब्रॅडॉरच्या लशीच्या पुस्तकात 'कोरोना' छापलेलं कुणीतरी पाहिलं आणि जिन्यात सभाच भरली. कुत्र्यांचा तो कोरोना जुनाच, वेगळाच. पिल्लांना हगवण लावणारा, माणसाच्या वाटेला न जाणारा. पण ऐकतंय कोण? बिचाऱ्याला महिनाभर भल्या पहाटे चोरासारखं फिरवून आणावं लागलं.

तेव्हाही खऱ्या बातम्या वेगळंच सांगत होत्या. हाँगकाँगमध्ये 17 वर्षांच्या एका म्हाताऱ्या पॉमेरेनियनमध्ये विषाणू सापडला होता, तो मालकिणीकडून आलेला. मग 5 एप्रिलला रात्री 9 वाजता आपण 9 मिनिटं दिवे लावले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातली नादिया ही 4 वर्षांची वाघीण पॉझिटिव्ह असल्याचं वाचलं. कोरडा खोकला झाला होता तिला. आणि तिला तो दिला असावा तो लक्षणं नसलेल्या कुणा कर्मचाऱ्याने, म्हणजे माणसानेच.

माझा रिपोर्ट आल्यावर बंड्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, तो तुम्हाला काय देणार? तुम्ही त्याला देऊ नका म्हणजे झालं. पाप्या बंद, एका ताटलीतलं खाणं बंद." (हे त्यांना कसं कळलं, देव जाणे.) आपल्या पेशींवरच्या ज्या प्रथिनाला हा विषाणू चिकटतो, ते मांजरांचं आपल्याशी बरंच जुळतं. म्हणून मांजरांना तो कुत्र्यांपेक्षा लवकर होतो. पण बहुतेक वेळा शिंका, थोडी मरगळ, एवढ्यावरच निभावतं.

मी आतल्या खोलीत, बंड्या बाहेर. पहिल्या रात्री त्याने दार ओरबाडून काढलं. दुसऱ्या रात्री दाराखालच्या फटीतून पंजा आत आला, थेट कोपरापर्यंत. पांढरा पंजा, गुलाबी गाद्या, एका गादीवर शाईचा डाग पडावा तसा काळा ठिपका. पाच वर्षं सांभाळतेय, हा ठिपका मी कधी पाहिलाच नव्हता. तो पंजा फरशीवर चाचपडत होता. ऑक्सिमीटर 94 दाखवत होता, अंगात ताप होता, आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून त्या पंजाकडे बघत बसले होते. हात लावला नाही. त्या आजारपणातलं सगळ्यात अवघड काम तेच. काढा त्यापुढे काहीच नाही.

दहाव्या दिवशी यांनी दाराबाहेरून बातमी वाचून दाखवली: हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातले 8 सिंह पॉझिटिव्ह. ते बरे झाले. पण 3 जूनला चेन्नईजवळच्या वंडलूरची नीला ही 9 वर्षांची सिंहीण गेली. सिंहांना काय, ना लग्न ना बाजार. त्यांच्यापर्यंत पोचतो तो माणूसच.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मिंकांचं. कातड्यासाठी पाळतात तो मुंगसासारखा प्राणी. नेदरलँड्स, डेन्मार्कच्या फार्मवर माणसांनी त्यांना विषाणू दिला, दाटीवाटीच्या पिंजऱ्यांतून तो पसरला, बदलला आणि परत माणसांत आला. मग नोव्हेंबर 2020 मध्ये डेन्मार्कने देशातले सगळे मिंक मारायला काढले, दीड कोटीच्या वर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

मधे बंड्या तीन दिवस शिंकला. यांचा चेहरा पडला. डॉक्टर म्हणाले, "खातोय ना? मग बघत राहा." खात होता, उलट जास्तच खात होता. त्याची तपासणी काही आम्ही केली नाही. (पुढच्या वर्षी हिसारच्या संस्थेने प्राण्यांसाठी ॲनकोव्हॅक्स ही लस काढली. संस्था घोड्यांवर संशोधन करणारी, लस मात्र सिंह-बिबट्यांनाही चालणारी. गंमत वाटली.)

8 मेला दार उघडलं. मी खाली बसून हात पसरले. बंड्याने लांबूनच हुंगलं, शेपटी वर केली आणि सरळ सासूबाईंच्या खोलीत गेला. मी म्हटलं, "आई, रुसला हो माझ्यावर."

"रुसतोय कसला," त्या म्हणाल्या, "14 दिवस साय खाल्लीय त्याने माझ्याकडे. आता तुझे ते कोरडे दाणे कोण चावेल?"