आमची वाटचाल : स्यूडोमोनासकडून बॅसिलसकडे

पिकांवरची बुरशी रोखण्यासाठी आमचं पहिलं उत्पादन स्यूडोमोनास फ्लुरोसन्स या जिवाणूचं द्रावण होतं. बुरशीला लागणारं लोह हा जिवाणू आधीच ओढून घेतो आणि तिची वाढ अडते. पण तो बीजाणू, म्हणजे जिवाणूचं टिकाऊ सुप्त रूप, तयार करत नाही. उष्ण गोदामात जिवंत संख्या झपाट्याने घसरते आणि लेबलवरचा आकडा कागदावरच राहतो. म्हणून द्राक्षासाठी आम्ही बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू घेतला. त्याचा बीजाणू उष्णता आणि कोरडेपणा दोन्ही सोसतो. शिवाय तो इट्युरिन आणि फेंगायसिन ही बुरशीला मारक द्रव्यं तयार करतो. बुरशीच्या पेशीचं आवरण त्यांनी फुटतं.

खरी कसोटी फर्मेंटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीत लागते. तापमान ३० ते ३७ अंश, सामू (pH) ७ च्या आसपास आणि भरपूर हवा हवी. खाद्य संपत आलं की बीजाणू धरू लागतात; मँगनीज कमी पडलं तर ते नीट धरत नाहीत. याच जिवाणूच्या सरफॅक्टिन या साबणासारख्या द्रव्यामुळे फेस इतका येतो, की तो हवा बाहेर सोडणाऱ्या फिल्टरपर्यंत चढतो. फिल्टर ओला झाला की बाहेरचे जंतू आत शिरतात आणि सगळी बॅच वाया जाते. म्हणून टाकी काठोकाठ भरत नाही आणि फेसरोधक सुरुवातीपासून हाताशी ठेवतो.

प्रत्येक बॅचचा नमुना ८० अंशांवर १० मिनिटं तापवून मोजतो, आणि न तापवलेलाही. तापवल्यावर संख्या फार घसरली, तर बीजाणू कमी आहेत असं समजून ती बॅच थांबवतो. साठवणीनंतर पुन्हा मोजणी होते, आणि आमच्या मते तीच महत्त्वाची.

बागेत अपयश येतं ते बहुधा मिश्रणामुळे. बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकांसोबत जिवाणू फवारणीच्या टाकीत घालू नयेत. तांबं जिवाणूनाशकही आहे. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाचंही तेच. पंपात आधीच्या फवारणीचा अंश असेल तर पंप दोनदा धुवावा.

आमचं द्रावण लिटरला ५ मिली घ्यावं, संध्याकाळी फवारावं, कारण अतिनील किरणांनी जिवाणू मरतात. भुरी (पानांवर पांढरी पावडर आणणारा बुरशीचा रोग) दिसायच्या आधी सुरुवात करून ७ ते १० दिवसांनी पुन्हा द्यावं. शेंडा वाढतो तसं नवं पान उघडं राहतं, म्हणून हे अंतर ताणू नये. पांढरी पावडर पसरली असेल तर जिवाणूंवर विसंबू नका. आधी गंधकासारख्या औषधाने रोग आटोक्यात आणा. मात्र कडक उन्हात गंधकाने पानं करपतात, तेव्हा जपून. डाऊनी (केवडा) या रोगाबाबत आम्ही ठाम हमी देत नाही. तो खऱ्या बुरशीतला रोग नाही आणि पावसाळी हवेत फार वेगाने पसरतो. तिथे जिवाणू जोडीला चालतात, एकटे पुरत नाहीत.

मण्यांत पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ होऊ लागल्यावर, जिवाणूंची भुकटी वापरू नये. तिच्यातल्या वाहक पावडरचे डाग मण्यांच्या लवेवर (मेणासारख्या पांढुरक्या थरावर) बसतात आणि धुतले तर लवही जाते. त्या टप्प्यावर द्रवरूपच, तेही गाळून फवारावं.