चार आणे बाकी

"काका, एक रुपया सुट्टा आहे का?"

पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून विचारलं, तेव्हा एसटीने खोपोली सोडून घाट चढायला घेतला होता. मी खिसे चाचपले. पाकिटात पाचशेची एक नोट, तीन कार्डं आणि चष्म्याच्या दुकानाची जुनी पावती. पलीकडच्या बाकावरही रुपया नव्हता. मागणी सरकत सरकत शेवटच्या सीटपर्यंत गेली. तीस-पस्तीस माणसं, बहुतेकांनी तिकिटाचे पैसे मोबाइलवरून दिलेले, आणि एवढ्या बसमध्ये एक नाणं निघेना. "शिंग्रोबाला टाकायचाय हो," बाई जरा ओशाळून म्हणाल्या. मागून एक कॉलेजातला मुलगा बोलला, "क्यूआर कोड लावला नाही का देवाने?" कुणी हसलं नाही. घाटात बस असताना लोक असल्या विनोदांना बेतानेच हसतात.

शेवटी कंडक्टरने बॅगेत हात घालून एक रुपया काढला. "घ्या ताई. द्या नंतर."

हे "द्या नंतर" ऐकलं आणि मला आजी आठवली.

आजोळ अलिबागला. मे महिन्यात आजी मला न्यायला पुण्याला यायची आणि स्वारगेटहून आम्ही लाल एसटीने निघायचो. लोणावळा, खंडाळा, मग घाट उतरून खोपोली, पेण, वडखळ. बसमध्ये वाचायला भरपूर असायचं. 'धूम्रपान करू नये' मला कळायचं. पण मागच्या खिडकीवरच्या 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' या पाटीने माझी झोप उडायची. आजी तिथे कधीच बसू द्यायची नाही. "बाहेर पडायची वाट म्हणजे आत यायचीही वाट," असं तिचं म्हणणं. संकट त्याच खिडकीतून चढतं, याबद्दल मग मलाही शंका उरली नाही.

आजीने पाच रुपयांची नोट दिली की कंडक्टर उरलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलने लिहून द्यायचा. ते तिकीट ती चष्म्याच्या डबीत ठेवायची आणि खुशाल डोळे मिटायची. मी मात्र कंडक्टरवर नजर ठेवून. तो पेणला उतरून गेला तर? त्याची ड्युटी बदलली तर? "देतो गं तो," आजी डोळे न उघडता म्हणायची. आणि वडखळच्या आसपास तो खरोखरच यायचा, मोजून पैसे द्यायचा आणि तिकिटावर रेघ मारायचा.

खंडाळा मागे पडलं की ती कनवटीचं नाणं सोडायची. दर ठरलेला होता. उतरताना चार आणे, चढताना दहा पैसे. का, तर "चढताना गाडी इंजिन ओढतं, त्यात देवाला काय काम? उतरताना त्याला धरावं लागतं." यात चूक कुठे आहे, ते मला अजूनही दाखवता यायचं नाही. देऊळ आलं की ड्रायव्हर गाडी हळू करायचा, एक हात स्टिअरिंगवरून कपाळाकडे जायचा आणि खिडक्यांच्या गजांतून नाणी बाहेर पडायची. डांबरावर त्यांचा आवाज व्हायचा.

शिंग्रोबा आमच्या रोजच्या देवांतला नव्हे. इंग्रजांना घाटातून रेल्वे न्यायची होती, वाट सापडेना. ती या धनगराने दाखवली. बक्षीस काय हवं विचारलं तर म्हणाला, आमचा देश सोडून जा. साहेबाने गोळी घातली. अशी कथा. खरी किती, तो शिंग्रोबाच जाणे. १८६३ मध्ये घाटातून सुरू झालेली रेल्वे मात्र खरी, आणि ती बांधताना अपघातांत आणि पटकीत हजारोंनी मेलेले मजूरही खरे. त्यांची नावं आता कुणी घेत नाही. नाव उरलं ते वाट दाखवणाऱ्याचं.

तर एका वर्षी, मी दुसरीत किंवा तिसरीत असेन, आजीने दिलेले चार आणे मी टाकलेच नाहीत. हात गजाबाहेर काढला, मूठ उघडल्यासारखी केली आणि तशीच आत घेतली. पुढचा सगळा घाट मी जीव मुठीत धरून बसलो होतो. मुठीत चार आणेही होतेच. प्रत्येक वळणाला मागच्या त्या खिडकीकडे बघत होतो. काहीच झालं नाही. खोपोली आली, पेण आलं. पेणच्या स्टँडवर मी लिमलेटच्या गोळ्या घेतल्या आणि दुसरी तोंडात असताना रडायला लागलो.

आजीने ऐकून घेतलं. रागावली नाही, हसलीही नाही. "बरं. पुढच्या खेपेला दोन टाक. तोवर थांबेल तो."

पुढच्या खेपेला मला घाटात झोप लागली. त्यापुढच्या खेपा कशा गेल्या, आठवत नाही. मग आजी गेली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि आमच्या गाड्या त्या देवळाकडे न वळताच घाट उतरू लागल्या. २०११ मध्ये तर चार आण्याचं नाणं चलनातूनच गेलं. म्हणजे आता फेडायचं म्हटलं तरी कशात?

देऊळ जवळ आलं. बाईंच्या खिडकीची काच अडकली होती. मी मागून रेटा दिला, तेव्हा कुठे चार बोटांची फट झाली. ड्रायव्हरने गाडी हळू केली. बाईंनी रुपया कपाळाला लावला आणि सोडला. इंजिनाच्या आवाजात तो पडल्याचं काही ऐकू आलं नाही. माझा हात आपोआप छातीशी गेला होता. मी तो खाली घेतला.

१५ एप्रिल २०२३ च्या पहाटे इथेच, या देवळाजवळ, एक खासगी बस दरीत कोसळली. वादक पथकातली पोरं होती, पुण्याकडचा कार्यक्रम वाजवून मुंबईला परत निघालेली. तेरा जण गेले. बस घाट उतरत होती.

मी खिडकीतून कठड्याकडे बघत राहिलो. कठडा संपला, बोगदा आला, मग लोणावळ्याची चिक्कीची दुकानं. बाई तिथे उतरल्या. कंडक्टरने रुपया मागितला नाही आणि त्यांनीही दिला नाही.