लहानपणच्या कांजिण्या सत्तरीत उठल्या

आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत एक आजोबा आले, सत्तरीच्या पुढचे, डाव्या कपाळावर गेरूचा जाड लेप आणि डोळा सुजून बंद. आधी नुसतं अर्धं डोकं आतून जळत होतं, अंगावर काहीच नाही, मग आदल्या दिवशी फोड उठले. सून घाबरलेली, विचारते, डॉक्टर, नागिणीचा विळखा पूर्ण झाला तर माणूस जातो ना?

लेप हळूहळू पुसला आणि आधी नाकाचा शेंडा बघितला, तिथे दोन बारीक फोड होतेच. शेंड्याला आणि डोळ्याला एकाच नसेच्या फांद्या जातात, म्हणजे डोळ्याला धोका. लगेच असायक्लोव्हिर ८०० मिग्रॅ दिवसातून ५ वेळा सुरू केलं, फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत होते हे नशीब, आणि त्याच दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सुनेला दाखवलं की फोड कपाळाच्या बरोब्बर मध्यावर थांबलेत, कारण ती नस एकाच बाजूची असते, विळखा वगैरे काही नसतं.

मग आजोबा म्हणाले, मला ही नागीण लागली कुणाकडनं? म्हटलं कुणाकडनंच नाही, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? झाल्या होत्या, आईने कडुनिंबाच्या पाल्यावर झोपवलेलं त्यांना आठवत होतं. तोच व्हायरस!

मला दरवेळी याचंच नवल वाटतं. पेशीत व्हायरस शिरला की पेशी त्याच्या प्रोटीनचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर आणून दाखवते आणि ते बघून टी सेल, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशी, तिला मारतात, तर हा व्हायरस ते तुकडे वर येण्याआधी आतच अडकवतो, आणि कांजिण्या ओसरेपर्यंत नसांच्या मुळाशी असलेल्या गाठींत जाऊन बसलेला असतो, तिथे प्रोटीन जवळपास बनवतच नाही. दाखवायला काही नाही, मग टी सेल ओळखणार कशाला? वय वाढून त्या टी सेलचा जोर कमी झाला की हा नसेवरून परत कातडीपर्यंत येतो.

घरात नात तान्ही होती. फोडांच्या पाण्यातून तिला नागीण नाही पण कांजिण्या होऊ शकतात, म्हणून खपल्या धरेपर्यंत तिला आजोबांजवळ न्यायचं नाही आणि फोड झाकून ठेवायचे, हे दोनदा बजावलं.

डोळ्याच्या काचेला सूज होती पण नजर वाचली. कपाळाची आग मात्र पुढे कित्येक महिने राहिली, शर्ट डोक्यातून काढतानासुद्धा कळ यायची. सुनेने आजींसाठी नागिणीच्या लसीचं विचारलं. पन्नाशीनंतरची दोन डोसची लस भारतात २०२३ पासून मिळते, पण सरकारी लसीकरणात नाही आणि खर्च हजारोंत, हे सांगताना मला खरंच वाईट वाटलं.