इंग्लंडातल्या कालव्याकाठचा रानमेवा

आम्ही लेस्टरशायरमध्ये राहतो. घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर ग्रँड युनियन कालव्याची मार्केट हार्बरो शाखा आहे. कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाटबंधारे खातं आणि उसाचे फड येतात. हा कालवा माल वाहायला खणलेला आहे. १८०९ मध्ये या शाखेवर नावा चालू झाल्या. नावा घोडे ओढायचे आणि त्या घोड्यांसाठी काठाने जी वाट राखली तिला टोपाथ म्हणतात. आता तिच्यावरून माणसं, सायकली आणि कुत्री जातात. वाटेच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला वई. आपल्याकडची वई वाळक्या काट्यांची असते, ही जिवंत झुडपांची: हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, रानगुलाब, एल्डर, मधूनच एखादं रानटी सफरचंद, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसलेली ब्लॅकबेरी.

ऑगस्टच्या मध्यावर ब्लॅकबेरी काळी पडायला लागते, म्हणजे आपला श्रावण. येता-जाता दिसत होती, पण बरेच दिवस हात पुढे होईना. परक्या मुलखात दुसऱ्याच्या कुंपणावरची फळं तोडायची आणि कोणी हटकलं म्हणजे? शेवटी कायदाच शोधून वाचला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या चोरीच्या कायद्यातच सवलत आहे: आपोआप उगवलेल्या झाडाची फळं, फुलं, पानं घेणं ही चोरी नव्हे, मात्र विकण्यासाठी घेतली तर चोरी. झाड मुळासकट उपटायला जमीनमालकाची परवानगी लागते. आणि फळं घेता येतात म्हणून कोणाच्या शेतात घुसायची मुभा मिळत नाही. टोपाथवर उभं राहून हात पोचेल तेवढं आपलं.

हात फार पोचत नाही, हा भाग वेगळा. यासाठी आकडी हवी. माझ्याकडे आहे ती जुनी, वाकड्या मुठीची छत्री. वरची फांदी छत्रीच्या मुठीने खाली ओढायची, डाव्या हाताने धरायची, उजव्याने तोडायचं. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा घालावा, लोकरीचं काही घालू नये. ब्लॅकबेरीचे काटे मागे वळलेले असतात आणि स्वेटरमध्ये अडकले की सोडत नाहीत. कमरेच्या खालचं फळ तोडायचं नाही. कारण कुत्री. हा नियम कोणी सांगावा लागत नाही, दोन मिनिटं वाटेवर उभं राहिलं की समजतो.

प्रत्येक घोसात टोकाचं फळ आधी पिकतं. तेच सगळ्यांत मोठं आणि गोड. मागची नंतर येतात, बारीक आणि बियाळ. पिकलेलं फळ बोट लावताच हातात येतं. ओढावं लागलं तर ते उद्याचं. आईला व्हिडिओ कॉलवर डबा दाखवला तर ती म्हणाली, "करवंदं का गं ती? धुऊन तरी घे." चीक नाही, हे तिला पटायला वेळ लागला. धुण्याचं मात्र तिचं बरोबर होतं. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवलं की आतल्या बारीक पांढऱ्या अळ्या वर येतात. आधी पाहिलं नसतं तर बरं, असं वाटतं खरं.

वईतलं सगळंच खायचं नसतं. लाल मण्यांच्या माळेसारखी लोंबणारी ब्रायनी विषारी. वईच्या बुडाशी नारिंगी कणसासारखं उभं राहतं ते लॉर्ड्स-अँड-लेडीज, तेही विषारी. एल्डरचे काळे घोस शिजवूनच खायचे, कच्चे खाल्ले तर उलट्या. जे ओळखू येत नाही त्याला हात लावायचा नाही. लहान मुलं बरोबर असतील तर निघण्याआधीच त्यांना बजावून ठेवावं.

याच दिवसांत पाण्याच्या कडेने गुलाबी फुलांची उंच झुडपं दिसतात, आणि गौरी जवळ आलेल्या असल्या की मराठी बाईची पावलं तिथे थबकतात. तेरडाच तो, आपल्या तेरड्याचा हिमालयातला भाऊबंद. १८३९ मध्ये बागेसाठी म्हणून आणला आणि नदी-कालव्यांच्या काठाने बेफाम पसरला. शेंगेला बोट लावलं की फटकन फुटते, अगदी आपल्या तेरड्यासारखीच, आणि बिया लांबवर उडतात. उन्हाळ्यात स्वयंसेवक तो उपटताना दिसतात. हा तेरडा रानात लावणं किंवा पसरू देणं इथे गुन्हा आहे. तेव्हा गौरीला इथे फोटोतला तेरडा चालवून घ्यावा.

नुसत्या ब्लॅकबेरीचा जॅम नीट घट्ट होत नाही, कारण पिकलेल्या फळात पेक्टिन, म्हणजे जॅम धरून ठेवणारा फळातला चिकटपणा, कमी. त्याला जोड हवी रानटी सफरचंदाची. माझ्या मते या वईतलं खरं धन तेच, आणि नेमकं तेच कोणी तोडत नाही. लिंबाएवढं पिवळसर फळ, चावलं तर आंबट-तुरट, जीभ सोलवटते. सप्टेंबरात टोपाथवर त्यांचा सडा पडलेला असतो आणि लोक तुडवत जातात. एक गोष्ट मात्र पाहून ठेवली: शेताकडची जी वई दरवर्षी यंत्राने कापतात, तिच्यावर हॉथॉर्न-ब्लॅकथॉर्नला फळ जवळजवळ नसतं, कारण त्यांचा मोहोर आदल्या वर्षीच्या फांदीवर येतो. कालव्याकडची वाढलेली, अस्ताव्यस्त बाजू धरावी.

जेलीची कृती अशी. सफरचंदं सालीबियांसकट चिरायची, ब्लॅकबेरी घालायची, बुडतील एवढं पाणी, आणि लगदा होईपर्यंत शिजवायचं. मग चक्क्याचं फडकं घ्यायचं. श्रीखंडासाठी बांधतो तसंच पुरचुंडी बांधून रात्रभर टांगायचं, खाली पातेलं. पिळायचं नाही! हात शिवशिवतात, पण पिळलं की जेली गढूळ होते. सकाळी पातेल्यात जांभळा, स्वच्छ रस असतो. दर ६०० मिलिलिटर रसाला ४५० ग्रॅम साखर. साखर मंद आचेवर विरघळवायची आणि मग आच मोठी करून खळखळून उकळायचं.

इथे आपली पाकाची सवय आडवी येते. दोन बोटांत तार पाहत बसलं तर जेली पुढे जाऊन रबर होते. बशी आधी फ्रीझरमध्ये ठेवायची. रसाचा थेंब त्या गार बशीवर टाकायचा, मिनिटभर थांबायचं आणि बोटाने हलकेच ढकलायचा. वर साय धरल्यासारखी सुरकुती पडली की झालं. थेंब नुसताच पळाला तर आणखी दोन मिनिटं. बशी पाहताना गॅस बंद ठेवावा. थर्मामीटर असेल तर १०५ अंश सेल्सिअस, पण मला बशीच खरी वाटते.

बरण्या लोणच्याच्या वापरल्या तरी चालतात, झाकणं मात्र नवी घ्यावी. हिंगाचा वास झाकणाच्या रबरात घर करून बसतो, कितीही उकळा.

शेजारी एक आजोबा आहेत, त्यांचा सगळा जीव ब्लॅकथॉर्नच्या निळ्या फळांवर. त्या फळांना इथे 'स्लो' म्हणतात. पहिलं हिव पडल्यावर तोडायची, टोचून जिनमध्ये साखरेबरोबर घालायची आणि निदान तीन महिने विसरून जायची. हिवाची वाट कशाला, फ्रीझरमध्ये ठेवली की तेच काम होतं, असं मी म्हटलं तर त्यांना आवडलं नाही. मला ती जिन खोकल्याच्या औषधासारखी लागते. मायकेलमसनंतर, म्हणजे २९ सप्टेंबरनंतर, ब्लॅकबेरी खाऊ नये, सैतान तिच्यावर थुंकतो, हेही त्यांनीच सांगितलं. सैतानाचं माहीत नाही, पण तोवर पाऊस आणि माश्यांनी ती पुळपुळीत झालेली असते हे खरं.

फडक्यात उरलेला चोथा मी टाकत नाही. चाळणीतून घासला की साली-बिया वर राहतात आणि खाली दाट गर उतरतो. त्यात गूळ, आलं, मीठ, भाजलेलं जिरं आणि लाल तिखट घालून आटवलं की थालीपिठाबरोबर खायला चटणी. आजोबांना मी जेली दिली होती. त्यांनी ती बायकोला देऊन टाकली आणि चीजबरोबर खायला चटणीची बरणी मागून नेली. तिखट थोडं कमी घाल, असंही सांगून गेले.