धुऱ्यापलीकडची रायमुनिया नेमकी कुणाची? माझा अनुभव

आमचं वावर नागपुरापासून तासाभरावर, जंगलाच्या कडेला. एका धुऱ्याला (बांधाला) लागून सरकारी पट्टा आहे आणि तो अख्खा रायमुनियानं भरलाय. पश्चिम महाराष्ट्रात हिलाच घाणेरी किंवा टणटणी म्हणतात. पान चुरगाळलं की उग्र वास, दांडीवर मागे वळलेले काटे. हात आत घातला तर सहज जातो, बाहेर काढताना बाही फाटते. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेची म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणलेली ही बया. दिवसा रानडुकरं तिच्यात पडून राहतात, रात्री आमच्या तुरीत. ढोरं तिला तोंड लावत नाहीत, पण चाऱ्याच्या टंचाईत एखाद्या बकरीनं खाल्लीच तर यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलपटते.

नुकसानभरपाईचा अर्ज आम्ही भरतोच. (नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत भरा, उशीर झाला की संपलं.) पण मला दरवर्षी पंचनामा नको होता, ती झुडपं काढून हवी होती. ग्रामपंचायतीचा ठराव लगेच मिळाला. इथवर सगळं सुरळीत.

मग तहसील. त्या गटाचा सातबारा काढला तर वर ‘सरकार’ आणि खाली ‘झुडपी जंगल’. विदर्भाबाहेरच्यांना सांगतो: पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत ८६ हजार हेक्टरांहून जास्त जमिनीवर जुन्या दप्तरात हा शेरा आहे. बरीचशी जमीन कागदावर महसूलची, पण २२ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं ती वन कायद्याखालीच धरायची असं सांगितलं. म्हणजे जमीन एकाची आणि कायदा दुसऱ्याचा, मधल्या मधे कास्तकार.

बाबूनं अर्ज उलटसुलट केला. “भाऊ, झुडपी म्हणजे जंगलच ना? रेंज ऑफिसला जा.” वनविभागाच्या रेंज ऑफिसात एकानं टेबलावर नकाशा पसरला, कोपऱ्यावर चहाचा कप ठेवला आणि हिरव्या रेघेवर बोट टेकवलं. “आमची हद्द या मुनाऱ्यापर्यंत. तुमचा पट्टा अलीकडं आहे, हे महसूलचं.” मी म्हटलं, “साहेब, एवढंच लिहून द्या.” लिहून द्यायला तयार नाही. परत तहसील. तिथं म्हणे, “त्यांचं पत्र आणा.” पत्राशिवाय यांचं हलेना, आणि पत्र ते देईनात. बोट दाखवायला सगळे तयार, सही करायला कुणी नाही. एकदा तर साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून दुपारभर बाकावर बसवलं आणि साहेब मागच्या दारानं निघून गेले. तोवर तुरीला शेंगा धरल्या होत्या आणि माझे भाऊ रोज रात्री जागलीला.

शेवटी माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि एकच प्रश्न विचारला: हा गट सध्या कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, आणि त्यावरील झुडपं काढायची जबाबदारी कोणाची? यात ‘दुसरीकडं जा’ म्हणता येत नाही. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर अर्ज त्यांनीच पाच दिवसांत तिकडं पाठवायचा, कलम ६(३). उत्तराला तीस दिवस. उत्तर आलं: ताबा महसूलचा, वनविभागाकडं हस्तांतर नाही, काम मात्र वनविभागाच्या देखरेखीखाली. तो कागद हातात घेऊन गेलो तेव्हा त्याच टेबलावर खुर्ची मिळाली! संयुक्त पाहणी झाली, काम गावच्या वन समितीला मिळालं.

आपल्या धुऱ्यावरच्या रायमुनियासाठी थांबू नका, ती आपली आपण काढावी. वरून छाटली किंवा जाळली तर पुन्हा फुटते. कुदळीनं जमिनीखाली तीनेक इंच मुख्य मुळी तोडायची आणि झुडूप तिथंच उलटं करून ठेवायचं. फळं धरण्याआधी काढा, नाहीतर बुलबुल बी सगळ्या शिवारात पेरतात. पुढच्या पावसात रोपं उगवतात, ओल असताना हातानं उपटली की झालं.

समितीनं पट्टा साफ केला. पलीकडचा गट मात्र तसाच आहे, त्याचा अर्ज आता टाकलाय. अर्जाची पोच घेताना शिक्क्याखाली तारीख आणि आवक क्रमांक आहे का, ते खिडकीवरच बघा. माझ्या एका प्रतीवर नुसताच शिक्का होता. ती प्रत नंतर कुणीच मानली नाही.