सायकलचे सुटे भाग तोलण्यासाठी परवडणारा वजनकाटा: माझा अनुभव

सिंहगडाचा चढ चढताना माझी जुनी पोलादी सायकल जड जाऊ लागली, तेव्हा एकेक भाग बदलण्याआधी कोणत्या भागाने किती वजन व्यापले आहे, हे नीट मोजून पाहायचे मी ठरवले. घरातल्या स्प्रिंगच्या काट्यावर दोनशे ग्रॅमची एक रेघ होती, त्यामुळे त्यावर पेडल काय आणि ट्यूब काय, सारखेच दिसे. सराफी काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो, पण माझ्या बजेटमध्ये बसणारे काटे दोनशे ग्रॅमच्या पुढे जात नव्हते. शेवटी पुण्यात बोहरी आळीतून पाच किलो क्षमतेचा आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा साडेचारशे रुपयांना घेतला.

स्वस्त काट्यावर लगेच विश्वास ठेवणे मला पटत नव्हते. पाच रुपयांचे २०११ च्या मालिकेतले पिवळे नाणे ६ ग्रॅमचे असते, म्हणून घरातली तशी वीस नाणी निवडून काढली. त्यांत जुने, जाड, ९ ग्रॅमचे पांढरे नाणे मिसळले तर हिशेब चुकतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. काट्याने १२० दाखवले. मोठ्या वजनासाठी मिठाचे पाकीट चालत नाही, कारण पाकिटबंद मालाच्या वजनात थोड्या तफावतीला नियमानेच मुभा असते. म्हणून काटा घेऊन ओळखीच्या वाण्याकडे गेलो आणि त्याच्याकडचे वैधमापन विभागाचा शिक्का असलेले एक किलोचे वजन ठेवून पाहिले. फरक दोन ग्रॅमचा आला, आणि माझ्या कामासाठी तो मला पुरेसा वाटला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो लहान स्क्रूंपायी. एकेक स्क्रू हलकेच ठेवत गेलो, तर चार ठेवूनही आकडा शून्यावरच राहिला. असे काटे शून्याच्या आसपासचा बारीक बदल आपोआप पुसून टाकतात, जेणेकरून हवेच्या झुळुकीने किंवा तापमानामुळे आकडा सरकू नये. त्यात माझे स्क्रूही पुसले जात होते. त्यावर उपाय असा की, आधी वाटी ठेवायची आणि शून्य न करता तिचे वजन लिहून घ्यायचे, मग सगळे स्क्रू एकदम वाटीत टाकून आलेल्या आकड्यातून वाटीचे वजन वजा करायचे. या रीतीने बारा स्क्रू ३१ ग्रॅम भरले.

चाक ठेवले की रिमखाली आकडा झाकला जाई, म्हणून काट्यावर उपडे पातेले ठेवून, शून्य करून, त्यावर चाक आडवे ठेवले. फ्रेम मात्र त्यावर स्थिर राहणार नाही, हे आधीच दिसत होते. तिच्यासाठी सामानाच्या बॅगा तोलायचा, दहा ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा, टांगायचा काटा साडेतीनशे रुपयांना आधीच वेगळा घेतला होता आणि जिन्याच्या कठड्याला दोरीने बांधला होता. त्याच काट्यावर, भाग सुटे करण्यापूर्वी, अख्खी सायकल १४.६२ किलो भरली होती. सुट्या भागांची बेरीज १४.५७ आली. पन्नास ग्रॅम कुठे गेले याचा शोध घेतला, तेव्हा ब्रेकच्या तारा आणि त्यांची आवरणे तोलायचीच राहिली होती, असे दिसले. कॅरियर आणि स्टँड मिळून १.३ किलो निघाले, ते मी त्याच संध्याकाळी काढून ठेवले.