ड्रॅगनची शेवटची यात्रा

“पुढच्या वर्षी हा नसेल, ताई. भंगारात देतोय.”

काल कालिकेच्या यात्रेत ड्रॅगन ट्रेनवाले काका बोलता बोलता म्हणाले. मी भाचीला आत बसवत होते, माझा हात तिथंच थांबला.

गाडी सुटली की काका रुळाखालच्या खांबाला तळहात लावून उभे राहतात. डोळे मुलांवर, कान चाकांवर. कुठं काही ढिलं झालं की आधी हाताला कळतं म्हणे. ड्रॅगनचा हिरवा रंग पार उडालाय, पण बोल्ट एकूण एक नवे, ग्रीसने चकाकणारे. म्हातारपणीही इतकी निगा!

अमेरिकेतला किंग्डा का, 456 फुटी रोलर कोस्टर, 2025 च्या फेब्रुवारीत स्फोटकं लावून पाडला. 2005 मध्ये सुरू झालेला. जगभरचे लोक हळहळले, व्हिडिओ फिरले. आपला ड्रॅगन मात्र किलोच्या भावानं जाणार, आणि नाशकात कुणाला पत्ता नाही. किती पोरांचं पहिलं किंचाळणं त्याच्यावर झालं असेल!

काकांकडे त्याचा एकही फोटो नाही. तुमच्या जुन्या अल्बममध्ये आहे का? कमेंटमध्ये टाका ना. प्रिंट काढून नवरात्र संपायच्या आत मी नेऊन देते.